टॉवर बंद पडल्यावर : निसर्ग वादळातल्या एका तालुक्याचं प्रकरण

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि दक्षिण रायगड ते उत्तर रत्नागिरी या पट्ट्यातल्या कितीतरी गावांची वीज, मोबाइल आणि रस्ता हे तिन्ही एकाच दुपारी गेलं. त्या पट्ट्यातल्या एका खाडीकाठच्या तालुक्यात तहसीलदार आणि त्यांच्या माणसांनी पुढचे काही दिवस कसे काढले, कुठले निर्णय कुठल्या क्षणी घेतले, ते इथे मांडलं आहे. तालुक्याचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

वादळाच्या इशाऱ्यांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. या प्रकरणात मला त्याच्या पुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. फोन बंद पडल्यावर गावात निर्णय घ्यायचा अधिकार कोणाकडे होता, आणि फोन बंद पडायच्या आधी तो त्याच्यापर्यंत पोचला होता का?

पार्श्वभूमी

तालुक्याचं गाव खाडीच्या तोंडाशी आहे. पुळणीला लागून कोळीवाडा, मागे बाजारपेठ आणि मोहल्ला, त्याच्या मागे नारळी-सुपारीची आगरं. बाकीची गावं डोंगरउतारावर वाड्यावाड्यांनी पसरलेली. बऱ्याच वाड्यांना एकच रस्ता, तोही खिंडीतून. दरड आली किंवा झाड पडलं की तो बंद.

एरवी या गावांत म्हातारी माणसं जास्त आणि तरणी माणसं मुंबईत. 2020 च्या मे महिन्यात मात्र उलटं झालं होतं. टाळेबंदीमुळे चाकरमानी गावी परतले होते आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत त्यांचं विलगीकरण चाललं होतं. महसूल, पोलीस, आरोग्य, ग्रामपंचायत, सगळी यंत्रणा दोन महिने करोनाच्या कामात राबून थकलेली होती.

चक्रीवादळाचा अनुभव फारसा नव्हता. अरबी समुद्रातली बहुतेक वादळं गुजरातकडे नाहीतर ओमानकडे जातात. 11 नोव्हेंबर 2009 चं फयान लोकांच्या लक्षात होतं, पण थेट आपल्या डोक्यावरून वादळ गेल्याचं सांगणारं माणूस सापडणं कठीण. एक गोष्ट मात्र उपयोगी पडली. दोनच आठवड्यांपूर्वी, 20 मे ला, अम्फान बंगालच्या किनाऱ्यावर आलं होतं आणि त्याची दृश्यं घराघरांत टीव्हीवर पाहिली गेली होती. त्यामुळे "काही होत नाही" म्हणणारे या वेळी थोडे कमी होते.

31 मे ला कमी दाबाचा पट्टा तयार झाला, 1 जूनला त्याचं रूप वाढलं. हवामान विभागाचा सुरुवातीचा अंदाज होता की 3 जूनच्या संध्याकाळी किंवा रात्री हरिहरेश्वर ते दमण यांच्यामध्ये वादळ किनारा ओलांडेल. नंतर जागा अलिबागच्या जवळ आली आणि वेळ दुपारची झाली. तालुक्याच्या हातात तयारीला जेमतेम दीड दिवस उरला.

नेमकी अडचण

माणसं हलवायची होती हे उघड होतं. हलवायची कुठे, हा पेच होता. वादळात निवारा म्हणून आराखड्यात ज्या शाळा होत्या, त्याच शाळांत विलगीकरणातली माणसं झोपलेली होती. कोळीवाड्यातल्या बायकांनी तलाठ्यांना तोंडावर सांगितलं की वाऱ्याने मेलो तरी चालेल, त्या शाळेत पोरांना नेणार नाही. एका गावात याच्या उलट मागणी होती, विलगीकरणातल्यांना आधी गावाबाहेर काढा. गावाबाहेर म्हणजे कुठे, हे कोणी सांगत नव्हतं.

दुसरी अडचण कोणाला तेवढी दिसत नव्हती. तालुक्याचा सगळा कारभार मोबाइलवर चालत होता. तलाठ्यांचा ग्रुप, ग्रामसेवकांचा ग्रुप, पोलीस पाटलांचा ग्रुप, गावातल्या आरोग्यसेविकांचा म्हणजे आशांचा ग्रुप. गावातून "मॅडम, काय करू?" असा मेसेज यायचा आणि तहसील कार्यालयातून उत्तर जायचं. करोनाच्या काळात ही सवय पक्की झाली होती, कारण रोज नवा आदेश निघायचा आणि आपल्या मनाने काही केलं तर अंगाशी येण्याची भीती असायची. आपत्तीत ही सवय महागात पडते. टॉवर गेला की गावातला माणूस उत्तराची वाट पाहत बसतो, आणि उत्तर यायची वाटच बंद झालेली असते.

समोर असलेले पर्याय

2 जूनच्या दुपारी तहसीलदार मॅडमच्या केबिनमध्ये नायब तहसीलदार, गटविकास अधिकारी, पोलीस निरीक्षक आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी बसले होते. निवाऱ्यासाठी तीन सूचना आल्या. विलगीकरणातल्यांना एका मोठ्या हायस्कूलमध्ये एकत्र आणायचं आणि गावातल्या शाळा मोकळ्या करायच्या. नाहीतर त्याच शाळांत वर्ग वाटून घ्यायचे. नाहीतर शाळेचा नाद सोडून प्रत्येक वाडीतली स्लॅबची घरं निवाऱ्यासाठी घ्यायची.

पहिल्या सूचनेला गाड्या आणि वेळ दोन्ही नव्हतं. दुसरी कागदावर सोपी, पण लोक येणार नाहीत हे तलाठी छातीठोकपणे सांगत होते. तिसरी निवडली गेली, आणि मला ती या प्रकरणातली सगळ्यांत शहाणी निवड वाटते. माणूस सरकारी निवाऱ्यात जायला का-कू करतो, शेजाऱ्याच्या घरी जायला करत नाही. शिवाय प्रत्येक घरी दोन-तीन कुटुंबंच असल्याने संसर्गाचा धोकाही विभागला जात होता. विलगीकरणातली माणसं पक्क्या शाळांत होती तिथेच राहिली. पत्र्याच्या किंवा कौलारू शाळांतल्यांना तेवढं हलवलं. हे गावाला सांगायला वैद्यकीय अधिकारी स्वतः गेले. आजाराबद्दलचा प्रश्न आहे, तो डॉक्टरांच्या तोंडून मिटेल, महसूलच्या नाही, असं मॅडमचं म्हणणं होतं आणि ते बरोबर ठरलं.

संपर्काच्या प्रश्नावर मात्र मतभेद झाले. पोलीस निरीक्षकांचं मत होतं की वायरलेस आहे, जादा संच जिल्ह्याकडून मागवू, नियंत्रण कक्षातूनच सूत्रं हलू देत. एका वाडीने उठून एक करायचं आणि दुसरीने दुसरं, यात गोंधळ होतो. नायब तहसीलदारांना गावपातळीवर अधिकार देण्यातला धोका दिसत होता. रेशन दुकानातलं धान्य काढलं, कोणाचा जेसीबी लावला, उद्या लेखापरीक्षणात कोण उत्तर देणार? दोघांचंही म्हणणं गैर नव्हतं. अशा बैठकांत "अधिकार खाली द्या" म्हणणं सोपं असतं. ज्याच्या सहीने धान्य निघतं त्याला त्याची भीती ठाऊक असते.

मॅडमनी प्रांतांना, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांना, फोन लावला. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 मध्ये कलम 34 खाली जिल्हा प्राधिकरणाला आपत्तीच्या वेळचे अधिकार आहेत आणि कलम 50 मध्ये तातडीच्या खरेदीची तरतूद आहे. प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. प्रांतांनी वर बोलून संमती मिळवली, ती ईमेलवर घेतली गेली, आणि मग चिठ्ठी तयार झाली.

वादळाच्या आदल्या रात्री

चिठ्ठी एका पानाची होती. प्रत्येक गावातल्या तलाठी, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील या तिघांच्या नावे, तहसीलदारांच्या सही-शिक्क्याची. मजकूर थोडक्यात असा: फोन लागत नसेल तर तुमच्यापैकी जे गावात हजर असतील त्यांनी मिळून निर्णय घ्यावा. शाळा, समाजमंदिर, कोणतीही सरकारी इमारत उघडता येईल, किल्ली नसल्यास कुलूप तोडून. रस्ता मोकळा करायला खासगी जेसीबी, ट्रॅक्टर, झाडं कापायचं मशीन घेता येईल, मालकाला तारीख-वेळ लिहिलेली पावती द्यावी. निवाऱ्यातल्या जेवणासाठी रेशन दुकानातून धान्य घेता येईल, दोन पंचांसमोर वजन लिहून. तळाशी एक ओळ होती, "या चिठ्ठीप्रमाणे चांगल्या हेतूने घेतलेल्या निर्णयाची जबाबदारी माझी राहील."

कोतवालांनी रातोरात चिठ्ठ्या पोचवल्या. व्हॉट्सअॅपवर फोटोही टाकला, पण कागद हातात असावा हा आग्रह मॅडमचा. रेशन दुकानदार फोटो बघून धान्य देणार नाही, शिक्का बघून देईल.

लोकांसाठीचा निरोप वेगळा होता. जिल्ह्याकडून आलेल्या संदेशात किनारी भागातील नागरिकांनी सतर्क राहावे असं होतं. त्यातून कोणाला काय करायचं ते कळत नव्हतं. तालुक्याने तो असा केला: "उद्या सकाळी नऊच्या आत खाडीकाठच्या आणि पत्र्याच्या घरांतल्या सगळ्यांनी ठरवून दिलेल्या स्लॅबच्या घरी जायचं. औषधं, रेशन कार्ड, टॉर्च, सुका खाऊ सोबत घ्यायचा. गुरं बांधून ठेवायची नाहीत. घरी परत कधी जायचं ते पोलीस पाटील सांगतील, दुसरं कोणी नाही." हा निरोप मशिदीच्या भोंग्यावरून दिला गेला, देवळातून दिला गेला, रिक्षावर स्पीकर लावून दिला गेला, आणि प्रत्येक ठिकाणी गावाच्या ओळखीच्या आवाजात. शब्द सगळीकडे तेच ठेवायचे, आपल्या मनाचं घालायचं नाही, एवढी ताकीद होती.

तरीही कोळीवाडा हलेना. तिथल्या एका जुन्या तांडेलांनी, म्हणजे होडीच्या म्होरक्यांनी, मॅडमना भरतीचा हिशोब ऐकवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हे किनाऱ्यावर पोरासोरांना पाठ असतं. 3 जूनला ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, म्हणजे भरती सकाळी नऊच्या पुढे आणि परत रात्री. दुपारी ओहोटी. वादळ दुपारी येणार असेल तर पाणी घरात शिरणार नाही, मग होड्या सोडून जायचं कशाला?

हिशोब बिनचूक होता. मॅडमनी तो खोडला नाही. त्यांनी विचारलं, "काका, आणि उशीर झाला तर?" कालपर्यंत अंदाज संध्याकाळ-रात्रीचाच होता, वेळ पुन्हा पुढे सरकणार नाही याची खात्री कोण देणार? म्हातारबाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग आपल्या माणसांकडे वळून म्हणाले, "वादल सुकतीला आलां त निस्ता वारा, भरतीला आलां त पानी घरान. चला." (सुकती म्हणजे ओहोटी.) कोळीवाडा त्यांच्या शब्दाने उठला. होड्या आधी ओढून, बांधून घ्यायला पोलिसांनी दोन तास जादा दिले, ही सवलतही महत्त्वाची होती.

3 जूनची दुपार आणि नंतर

दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी 100 ते 110 किलोमीटर, झोत 120 पर्यंत. कौलं उडाली, पत्रे कागदासारखे गेले, सुपारीची झाडं मधून मोडली, विजेचे खांब रांगेने आडवे झाले. मोबाइल पहिल्या तासातच बंद पडला.

वादळाचा मधला भाग ज्या गावांवरून गेला तिथे वारा एकदम पडला. ज्यांनी हे कधी पाहिलेलं नाही त्यांना वाटतं, संपलं. एका वाडीत माणसं घराचं काय झालं बघायला निघाली. पोलीस पाटील दारात आडवे उभे राहिले. त्यांच्याकडे ना फोन होता ना कुठली सूचना, पण "परत कधी जायचं ते पोलीस पाटील सांगतील" हे वाक्य सगळ्यांनी आदल्या रात्री ऐकलेलं होतं. थोड्या वेळात उलट दिशेने वारा सुटला आणि त्या वाडीतल्या उरलेल्या भिंती त्या वेळी पडल्या.

चिठ्ठीने गावांना हात मोकळे करून दिले. बहुतेक गावांनी 4 जूनच्या सकाळी कोणाची वाट न बघता आपल्या रस्त्यांवर पडलेली झाडं कापायला घेतली. धान्य निघालं, पंचनामे झाले. पुढे त्यावर आक्षेप आला नाही.

वर जाणारी माहिती मात्र पूर्ण थांबली होती. पोलीस ठाण्याच्या वायरलेसचा खांब कलला होता. गाडीतला संच घेऊन एक हवालदार खिंडीच्या माथ्यावर चढले, तिथून जिल्ह्याशी तुटक बोलणं व्हायचं. पण गावं काय अवस्थेत आहेत हेच तालुक्याला ठाऊक नसेल तर जिल्ह्याला सांगणार काय? कोण जखमी, कुठे औषध हवं, कुठे रस्ता बंद, काहीच कळेना. तलाठी गावांतून पायी निघायचे, तहसीलमधून माणसं गावांकडे निघायची आणि वाटेत चुकामूक व्हायची. पहिला जवळजवळ पूर्ण दिवस असा गेला.

तोडगा एका मंडळ अधिकाऱ्यांनी काढला. रोज सकाळी आठ आणि दुपारी चार या वेळेला ठरलेल्या तिठ्यांवर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथे, तहसीलचा माणूस उभा राहील. गावातला माणूस, सांगण्यासारखं काही असो वा नसो, त्या वेळेला तिथे येईल. नुसतं "आमच्याकडे ठीक आहे" हाही निरोप धरला जाईल. ज्या गावाचं कोणी आलं नाही त्या गावाकडे पुढची तुकडी जाईल. 4 जूनच्या दुपारपासून हे सुरू झालं आणि तालुक्याला दिसू लागलं. आतल्या दोन गावांचं कोणीच येत नव्हतं. तिकडे माणसं पाठवली तेव्हा कळलं की एका ठिकाणी डायलिसिसवर असलेला रुग्ण अडकला आहे.

4 जूनच्याच सकाळी मॅडम स्वतः जेसीबीबरोबर रस्त्यावर उतरल्या होत्या. लोकांना त्या दिसल्या, धीर आला, हे खरंच आहे. पण त्या बाहेर असतानाच एनडीआरएफचं (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचं) पथक तहसीलमध्ये येऊन उभं राहिलं आणि आधी कुठे जायचं हे विचारू लागलं. नायब तहसीलदार नकाशा पुढे घेऊन बसले, निर्णय काही घेतला नाही. "मॅडम येऊ देत." मॅडम परतेपर्यंत दुपार उलटली. पोलीस पाटलांना जो अधिकार लेखी दिला होता तो स्वतःच्या कार्यालयातल्या दुसऱ्या माणसाला दिलेला नव्हता.

मुंबईकरांची यादी

तिकडे मुंबई, ठाणे, नालासोपाऱ्यात आणि आखातातही माणसं रडकुंडीला आली होती. फोन लागत नाही, आणि व्हॉट्सअॅपवर एक अख्खी वाडी वाहून गेल्याचा मेसेज फिरतोय. तो खोटा होता, पण खोडणार कोण?

काहीच कळवायचं नाही, सगळी गावं तपासून झाल्यावर एकदम जाहीर करायचं, असा एक विचार होता. मॅडमनी अर्धवट यादी पाठवायचं ठरवलं, गावागावांतून येईल तशी. तिठ्यावर येणारा माणूस सुखरूप माणसांची नावं वहीच्या पानावर लिहून आणायचा. ती पानं गाडीने शेजारच्या तालुक्यात, जिथे रेंज होती तिथे, जायची. तिथे बसलेले एक शिक्षक त्यांचे फोटो गावोगावच्या ग्रामस्थ मंडळांच्या मुंबईतल्या ग्रुपांवर टाकायचे. अफवा दीड दिवसात विरली. नातेवाइकांच्या गाड्या तालुक्याकडे यायच्या थांबल्या, त्यामुळे मदतीच्या गाड्यांना रस्ता मिळाला.

या यादीने एका घरावर मात्र घाव घातला. एका वाडीत आंब्याची फांदी पडवीवर कोसळून एक वृद्ध गेले होते. मुलाला पोलिसांमार्फत समक्ष कळवायचं आणि तोपर्यंत त्यांचं नाव कुठेही लिहायचं नाही, असं ठरलं होतं. ठरलं ते योग्यच होतं. पण यादी माणसांच्या नावांची होती. मुलाने मुंबईत ती उघडली तेव्हा त्यात आईचं नाव होतं, चुलत्यांचं होतं, शेजारच्या घरातली सगळी नावं होती. वडिलांचं नव्हतं. पोलीस दारात पोचेपर्यंत त्याला कळून चुकलं होतं, सांगायला कोणी जवळ नसताना.

काय निष्पन्न झालं

तालुक्यात वादळाने नुकसान प्रचंड झालं. वीज यायला काही वाड्यांत आठवडे गेले, जनरेटरवर पैसे देऊन मोबाइल चार्ज करायच्या रांगा लागल्या, आगरं तर वर्षानुवर्षं भरून येणार नाहीत. त्या तुलनेत माणसांची हानी फार थोडी झाली. हलवलेल्यांपैकी कोणालाही इजा झाली नाही.

मे 2021 मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकलं तेव्हा तिठे आणि वेळा वादळाआधीच ठरलेल्या होत्या, चिठ्ठीच्या मागच्या बाजूला छापलेल्या. त्या वर्षी 22 जुलैला चिपळूण आणि महाडच्या महापुरात वीज आणि मोबाइल कसे एका रात्रीत गेले ते सगळ्यांनी पाहिलं, आणि त्यानंतर शेजारच्या तालुक्यांतूनही या चिठ्ठीचा नमुना मागितला गेला.

वेगळं काय करता आलं असतं

तिठ्यांची व्यवस्था 2 जूनच्या बैठकीत ठरायला हवी होती. त्या बैठकीत सगळी चर्चा आदेश खाली कसे जातील यावर झाली. खबर वर कशी येईल हा विषय निघालाच नाही, आणि तो अख्खा दिवस त्यामुळे गेला. डायलिसिसचा रुग्ण वाचला, पण त्याची माहिती आशांच्या वहीत आधीपासून होती. अशा रुग्णांची नावं वादळाआधी तिथून काढून घेतली असती तर त्याला तालुक्याच्या गावी आदल्या दिवशीच आणता आलं असतं.

मॅडमनी बाहेर जायला नको होतं, असं मी म्हणणार नाही. त्या रस्त्यावर दिसणं गरजेचंही होतं. पण जाण्याआधी दोन ओळी लिहून नायब तहसीलदारांच्या हाती द्यायला हव्या होत्या. नायब तहसीलदारांनी हिंमत दाखवली नाही असा ठपका नंतर काहींनी ठेवला, तो मला मान्य नाही. लेखी अधिकार नसताना पथक चुकीच्या दिशेला पाठवलं असतं तर हेच लोक त्यांना धारेवर धरणार होते.

यादी कुटुंबवार असायला हवी होती. "अमुक यांचं घर, संपर्क झाला" एवढंच. ज्या घरात मृत्यू किंवा गंभीर इजा आहे ते घर "संपर्क चालू" या गटात, आणि त्या गटात तपासणी बाकी असलेली इतर घरंही. मग एक नाव गळल्याने काही उघड झालं नसतं. आता तालुक्याचा नमुना असाच आहे.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. तिठे दिवसाउजेडी चालतात. निसर्ग दुपारी आलं, पुढे संध्याकाळचा उजेड होता. वादळ रात्री भरतीवर आलं तर सकाळी आठपर्यंतचे तास प्रत्येक वाडीने एकटीने काढायचे आहेत, आणि ज्या वाड्यांत आता पाच-सहा म्हातारी माणसंच राहतात तिथे चिठ्ठी ज्यांच्या नावे आहे त्या तिघांपैकी एकही जण रात्री मुक्कामाला नसतो. तिथे चौथं नाव कोणाचं घालायचं, आशाताईंचं की वाडीच्या गावकराचं (मानाच्या प्रमुखाचं), यावर ग्रामसभांत अजून एकमत झालेलं नाही.